न घेतलेल्या कर्जाचा हप्ता

आमच्या मेहुण्याला सगळे ‘दोन्ही-बाजू’ म्हणतात. नोंदणी कार्यालयाच्या जिन्याखाली त्याचा झेरॉक्सचा गाळा आहे. गेली बावीस वर्षं समोर कोणी कागद धरला की मान वर न करता तो एकच विचारतो, “दोन्ही बाजू?” एकदा एका भल्या माणसाने त्याला नुसतं ‘किती वाजले’ विचारलं, तर म्हणाला, “दोन्ही बाजू?”

गाळा म्हणजे काय, जिन्याच्या पोटातली तिरकी फट. एका अंगाला ताठ उभं राहता येतं, दुसऱ्या अंगाला मशीन. बावीस वर्षं मान डावीकडे कलती ठेवून ती आता तशीच बसली आहे. बोटांच्या टोकांना काळी शाई, खिशात चार पेनं आणि तोंडात अक्कल. कागदपत्रातलं त्याच्याइतकं दुनियेत कोणाला कळत नाही, हे तो स्वतःच सांगतो, म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. चुरगळलेला कागद आणणाऱ्याला तो भर रांगेत झापतो. मशीनच्या काचेवर मूळ कागद विसरून जाणारा कोणी सापडला तर विचारूच नका. “घरी जाताना पत्ता आठवतो ना, का तोही झेरॉक्स करून देऊ?”

अशा या पंडिताने काय करावं? लोक ओळखपत्र वाकडं ठेवतात, एकाच बाजूची प्रत घेतात, मग वरच्या मजल्यावरून परत येऊन याच्याशी भांडतात. रोज तेच समजावून घसा कोरडा पडला. तेव्हा त्याने एक नमुना करून गाळ्याच्या दर्शनी काचेवर चिकटवला. एका पानावर ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, मोठ्या करून, खाली सही, आणि वर लाल अक्षरांत, “असं आणा.”

ओळखपत्र कोणाचं? स्वतःचं!

मी तेव्हाच म्हटलं होतं, “अरे, हे काय लावलंयस?”

“मग काय दुसऱ्याचं लावू, दाजी? लोकांचे कागद असे उघड्यावर लावणं बरं नाही.”

बघा, म्हणजे एवढी अक्कल होती. पण लोकांपुरती. ‘हात दाखवून अवलक्षण’ म्हणतात ते याहून वेगळं नसतं. नंबर, जन्मतारीख, घरचा पत्ता, सही, सगळं चार वर्षं तिथे लटकत होतं. घाऊक कामांसाठी खाली स्वतःचा फोन नंबरही दिला होता, न जाणो चोराला काही अडलं तर!

मग व्हायचं ते झालं. एका दुपारी घरी बँकेचं पत्र आलं, की तुमच्या क्रेडिट कार्डाचं बिल तीन महिने थकलं आहे. याच्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतंच कधी. खरेदीची यादी सोबत जोडली होती. घरात पळायचं यंत्र, परदेशी अत्तर, दोन गॉगल आणि कुठल्याशा हॉटेलात पोहण्याच्या तलावाजवळची खोली. आमचा मेहुणा बस पकडायलाही पळत नाही. पुढची येईल म्हणतो.

शेंबडं पोरही सांगेल, की असं पत्र आलं की तडक बँकेत जायचं आणि टेबलावर हात आपटून म्हणायचं, हे माझं नाही. याने काय केलं? पत्राची चौघडी करून खिशात घातली. दुपारच्या सुट्टीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या शाखेत गेला. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून डोक्यावर टोपी घातली, जिने त्याची ती कलती मान मुळीच झाकली जात नव्हती. आणि तिथे त्याने एक हप्ता भरला!

का? तर वरच्या कार्यालयाशी असलेला गाळ्याचा करार दोन महिन्यांत संपत होता. त्या फटीवर तिघांचा डोळा होता. त्या गाळ्यावर घर चालतं, पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कर्जबुडवा म्हणून बोभाटा झाला तर गाळा जाईल, म्हणून गुपचूप भरून टाकू आणि विषय मिटवू. हा त्याचा हिशेब. चोराला जन्मात असा सज्जन भेटला नसेल. मजा तू कर, हप्ता मी भरतो!

पुढच्या महिन्यात दुसऱ्या बँकेचं पत्र आलं. मोटारसायकलचं कर्ज. हेही त्याने दाबलं. पण गाळ्याच्या अर्जात या वर्षी नवी अट आली होती. कोणी कुठून किती उधार घेतलं आणि ते फेडलं की नाही, याची नोंद ठेवणारी एक कंपनी असते. तिचा दाखला जोडायचा. दाखला हातात पडला तेव्हा त्यात एक कार्ड, एक मोटारसायकल आणि शेवटी तांबड्या अक्षरांत ‘थकबाकीदार’. मुदतीला अठरा दिवस उरले होते.

तेव्हा कुठे स्वारी आमच्या दारात आली. बरोबर त्याची बायको. तिलाही त्याच सकाळी कळलं होतं, तोंडावरून दिसतच होतं.

“दाजी, तुम्हीच विचारा यांना,” ती आल्या आल्या म्हणाली. “मला चप्पल घेताना तीन दुकानं फिरवतात. आणि त्या मेल्याच्या गॉगलचे पैसे टोपी घालून भरून आले.”

“अगं, अब्रूचा प्रश्न होता.”

“कोणाच्या? गॉगलवाल्याच्या?”

आमची मंडळी, म्हणजे त्याची अक्का, आतून लाटणं घेऊनच बाहेर आली. “लहानपणापासून असाच,” ती मला म्हणाली, जणू तो तिथे नव्हताच. “शाळेत दुसऱ्याने काच फोडली, हा रडत मास्तरांकडे गेला, आणि मार कोणी खाल्ला? यानेच.”

गल्लीतले शहाणेही हळूहळू जमले. औषधवाला म्हणाला, फोन बदल. केशकर्तनवाला म्हणाला, घर बदल. वरच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब म्हणाले, आमच्या वेळी असं नव्हतं. तेवढ्याने काम झालं असं समजून ते चहाची वाट पाहत बसले. बैल गेला आणि झोपा केला, पण निदान झोपा तरी धड करावा!

शेवटी मी त्याला पोलीस चौकीत नेलं. टेबलामागे एक तरुण बाई होत्या, बोलायला कात्रीसारख्या. सगळं ऐकून त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

“पहिली गोष्ट. एक पैसाही भरायचा नाही.”

मेहुणा बुटांकडे बघू लागला.

“भरला?”

“एकच हप्ता, मॅडम.”

बाईंनी पेन खाली ठेवलं, त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “हे तुमचे कोण?”

“मेहुणे,” मी म्हटलं. “बायकोकडचे.” आपली बाजू वेळीच स्पष्ट केलेली बरी.

मग त्यांनी सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. इथे तक्रार द्यायची आणि तिची नंबर असलेली प्रत घ्यायची. आजच्या आज दोन्ही बँकांना कळवायचं, नुसतं फोनवर नाही तर लेखी, की ही कर्जं माझी नाहीत, खाती गोठवा, चौकशी करा. नोंदवाल्या कंपनीलाही लिहायचं, एकेक खोटी नोंद बोट ठेवून दाखवायची. आणि माझ्या नावावर मला विचारल्याशिवाय कोणाला नवं कर्ज देऊ नका, अशी सूचनाही घालून घ्यायची. स्वतःचं खरं खातं तपासायचं, पासवर्ड बदलायचे. कोणाशी बोललो, कधी बोललो, सगळं टिपून ठेवायचं.

“आणि तो काचेवरचा कागद?” बाईंनी विचारलं. “काढला का?”

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. काढला नव्हता. त्या क्षणीही तो तिथे लटकत होता. बाईंनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. तासाभरात कागद खाली आला.

बँकेत गेलो तर तिथे वेगळाच थाट. काचेचं दार, मऊ खुर्च्या, आणि गळ्यात पट्टा अडकवलेला एक गोरागोमटा अधिकारी. दर वाक्याला हसायचा, कामाचं एकही बोलायचा नाही.

“सर, कार्ड तुमचं नसतं तर तुम्ही हप्ता भरला असता का?”

“घाबरून भरला हो.”

“पण सिस्टिममध्ये ‘घाबरून’ असं काही येत नाही, सर. भरला म्हणजे मान्य केलं.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशानेच दोर आणून दिलेला! मेहुणा उठायलाच निघाला होता. मी त्याला दाबून बसवलं. पण पुढे जे केलं ते त्याचं त्यानेच केलं, हे कबूल करायला हवं. कागद ही त्याची जागा. तो म्हणाला, “कार्ड देताना तुम्ही माझ्या ओळखपत्राची प्रत घेतली असेल. ती दाखवा.”

अधिकाऱ्याने आढेवेढे घेतले. तक्रारीचा नंबर समोर ठेवल्यावर पडद्यावर प्रत उघडली. मेहुण्याची मान डावीकडून आणखी डावीकडे गेली. पडद्याला नाक लावून त्याने पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्याचा जुना आवाज फुटला.

“हे काय आहे?”

“आपलं ओळखपत्र, सर.”

“ते मला दिसतंय. कोपऱ्यावर हे काय आहे?”

कोपऱ्यांवर चिकटपट्टीचे चार तुकडे होते. एका कडेला गाळ्यातल्या मशीनवर ठेवलेल्या चहाच्या पेल्याचं काचेत पडलेलं प्रतिबिंब. आणि वर, लाल ठसठशीत अक्षरांत, “असं आणा.”

“तुमच्या माणसाने हे वाचलं नाही?” मेहुणा गरजला. “अहो, मी दोन पानांना टाचणी तिरकी असली तर परत पाठवतो! तुम्ही काचेवरच्या नमुन्याचा फोटो घेऊन कार्ड दिलंत? मूळ कागद कोणी पाहिला? कोणाची सही आहे त्यावर?”

मऊ खुर्च्यांवरची सगळी माणसं वळून बघू लागली. अधिकाऱ्याचं हसू पहिल्यांदा गेलं. त्या दिवशी अर्ध्या तासात आत तीन साहेब आणि एक मॅनेजर पैदा झाले, जे आधी ‘मीटिंगमध्ये’ होते. खातं गोठलं आणि चौकशीचं पत्र मिळालं. या ग्राहकाने कार्ड घेतलेलं दिसत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मोटारसायकलवाल्या बँकेतही तोच फोटो निघाला. चोर एवढा आळशी, की दुसरा फोटोही काढला नाही. आणि एवढा आळशी दोन-दोन बँकांना पुरून उरला!

चोर काही सापडला नाही. भरलेला हप्ताही परत आला नाही. तो म्हणे ‘स्वेच्छेने’ भरला होता.

पण नोंदवाल्या कंपनीला नोंद पुसायला महिना लागणार होता आणि अर्जाची मुदत गुरुवारी संपत होती. दाखल्यावर ‘थकबाकीदार’ अजून तसंच होतं. बुधवारी मेहुणा, त्याची बायको आणि मी, तिघं वर कार्यालयात रांगेत उभे राहिलो. खिडकीतला कारकून म्हातारा आणि कसलीही घाई नसलेला. त्याने दाखला पाहिला, तक्रारीची प्रत पाहिली, बँकांची पत्रं पाहिली. मागे चाळीस माणसं.

“हे सगळं ठीक,” कारकून म्हणाला. “नोंद पुसेपर्यंत एका वर्षाचा करार देता येईल, नेहमीचा तीन वर्षांचा नाही. पण हा एक हप्ता तुम्ही भरलाय. का भरला, ते अर्जावर लिहून द्या.”

मेहुण्याने पेन काढलं. चारातलं एक चालेना, दुसरं चालेना. तिसऱ्याने लिहिलं, ‘कर्ज मी घेतलेलं नाही. तरीही हप्ता भरला. गैरसमजातून.’

“कसला गैरसमज?” कारकुनाने कागद परत सरकवला.

ज्या माणसाने बावीस वर्षं लोकांचे अर्ज दुरुस्त केले, त्याला एक ओळ सुचेना. तेव्हा बायकोने त्याच्या हातातून पेन घेतलं, शेवटचा शब्द खोडला आणि तिथे लिहिलं, “लोक काय म्हणतील या भीतीने.”

“इथे सही करा,” ती त्याला म्हणाली.

त्याने केली. कारकुनाला कमी दिसायचं. त्याने कागद उजेडात धरला आणि भर रांगेत, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत वाचलं, “कर्ज मी घेतलेलं नाही. तरीही हप्ता भरला. लोक काय म्हणतील या भीतीने.”

मेहुण्याने डोळे मिटून घेतले. ज्या बोभाट्याला घाबरून त्याने टोपी घातली, शहर ओलांडलं, बायकोपासून लपवलं, तो बोभाटा अखेर चाळीस माणसांपुढे झाला होता. त्याने एक डोळा उघडून हळूच मागे पाहिलं. एक जण जांभई देत होता. एकीचं पोर तिची ओढणी ओढत होतं. आणि त्याच्या लगेच मागे उभा असलेला माणूस, हातातली फाईल त्याच्या पाठीला टोचत, वैतागून म्हणाला,

“झालं का तुमचं? मग सरका की पुढे.”