यमुनाच्या नावावरचं कार्ड

नेपाळातल्या धरानहून टेक्सासला शिकायला आलेली यमुना राई भोळी नव्हती. वांगी घेतानासुद्धा एकेक दाबून बघायची. तरी फसली, कारण ज्याच्या कपाळी भाईटीकेला, म्हणजे आमच्या भाऊबीजेला, सात रंग लावायचे, त्याला कागद देताना आम्ही नेपाळी पोरी पावती मागत नाही.

खड्ग दाजू किराणा दुकान चालवायचा. नव्या पोरींचा तो सगळ्यांचाच दाजू, थोरला भाऊ. माझ्या गाडीच्या कर्जाला जामीनही तोच, म्हणून मीच यमुनाला त्याच्याकडे नेलं.

"इथे तुझी पाटी कोरी आहे, बहिनी," तो म्हणाला. "कोऱ्या पाटीला कोणी उभं करत नाही. माझ्या क्रेडिट कार्डावर तुझं नाव जोडतो, म्हणजे माझी पत तुला लागेल."

तिने पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटीचं कार्ड टेबलावर ठेवलं. त्याने फोटो काढले, आम्ही तिघांनी चहा घेतला.

दोन वर्षांनी चाळीस मैलांवरच्या इस्पितळात तिला नर्सची नोकरी लागली. रुजू व्हायला गाडी हवी होती. कर्ज देणाऱ्या बाईने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. यमुनाच्या एकटीच्या नावावर एक कार्ड, पत्ता दाजूचा, नऊ हजार डॉलर उचललेले आणि पाच महिने एक पैसा भरलेला नाही. कर्ज नाकारलं गेलं.

यमुना थेट दुकानात गेली, मागोमाग मी. दाजूने नाकारलंसुद्धा नाही. मसूर तोलता तोलता म्हणाला, "दीड वर्ष वेळेवर पैसे कोणी भरले? तुझी पत मीच उभी केली ना? अडचणीत जरा वापरली, तर काय बिघडलं?"

"माझी नोकरी," यमुना म्हणाली.

पोलिसांत तिने तक्रार दिली. कागद घेताना दाजू नेमकं काय बोलला होता, याला साक्षीदार कोण, असं अधिकाऱ्याने विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. मला नवऱ्याला आणून घर भाड्याने घ्यायचं होतं, आणि भाड्याच्या कागदावर जामीन म्हणून दाजूचीच सही लागणार होती.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले.

परत येताना ती माझ्या गाडीत बसली नाही. इस्पितळाने जागा दुसरीला दिली. दाजूला शिव्या द्यायला मी आजही सगळ्यांच्या पुढे असते, यमुनाने मात्र त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आमची दोघींची खोली सोडताना पिशवी खांद्याला लावून ती मला एवढंच म्हणाली, "तो निदान खरं बोलला गं."