नो-पास आबा

स्वतः भरवलेल्या संगीत महोत्सवाचं तिकीट स्वतः विकत घेऊन आत जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दारावर आमच्याच मंडळाचा कार्यकर्ता बसलेला असे. आबा त्याच्यासमोर उभे राहत, कोटाच्या खिशातून तिकीट काढून देत, तो ते रीतसर अर्धं फाडी आणि मगच आबा मांडवात पाऊल टाकत. त्यांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं, तिकीटही वेगळं. "काकू तरी घरच्या ना आबा?" असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "घरी घरच्या. इथे श्रोत्या."

गिरगावात त्यांना सगळे नो-पास आबा म्हणत. ठाकूरद्वारला त्यांचं तसबिरींना काच आणि चौकट बसवून देण्याचं दुकान होतं. हिवाळा सुरू झाला की दुकानात देव भिंतीला पाठ लावून चौकटीची वाट बघत बसायचे आणि आबा तिकिटांचं पुडकं घेऊन गावभर फिरायचे. मी तेव्हा जवळच्याच एका शाळेत शिकवत होते. शाळेचं पटांगण दरवर्षी विनातक्रार मिळावं म्हणून आबांनी मला मंडळाची चिटणीस करून टाकलं. मला विचारलं वगैरे काही नाही. एके दिवशी छापील पत्रकात माझं नाव दिसलं आणि त्या दिवसापासून मी त्यांची 'मास्तरीणबाई' झाले.

पास न देण्याबद्दल त्यांचं एक म्हणणं होतं. "फुकट आलेला माणूस ऐकायला येत नाही, मास्तरीणबाई. आलो होतो असं सांगायला येतो." हे म्हणणं ऐकायला फार छान. निस्तरायला मी. परवाना देणाऱ्या एका कचेरीतल्या साहेबांनी शिपायाकरवी पासांची मागणी केली, तेव्हा आबा स्वतः त्यांच्या टेबलापाशी गेले आणि अदबीने विचारते झाले, "साहेब, सोफ्याचं तिकीट देऊ की खुर्चीचं? जाजमही आहे, बसायला छान." साहेबांनी काहीच घेतलं नाही. त्या वर्षी परवाना आमच्या हाती पडला तो मांडवाचे बांबू रोवून झाल्यावर, आणि तोवर त्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या त्या मी, शाळेतून किरकोळ रजा काढून.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा शिवाजी पार्कला सभा. आम्ही सगळेच त्यात होतो, आबाही होते. पण त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालत. दादरच्या एका प्रचंड सभेला आम्ही गेलो. शाहिराने डफावर थाप मारली, मैदान पेटून उठलं, आणि बघते तर आबा शेजारच्या माणसाला तिकीट दाखवताहेत! तो भडकला. "अहो, इथे मुंबईचा प्रश्न पेटलाय आणि तुम्ही गाण्याची तिकिटं विकताय? आधी मुंबई मिळू द्या!" आबा शांतपणे म्हणाले, "मुंबई मिळणारच आहे हो. मी फेब्रुवारीचं विचारतोय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या वाटेवर आबा कुरकुरत होते. तक्रार त्या माणसाबद्दल नव्हती. "शाहीर इतका गोड आणि तोही फुकट. माझ्या गवयाने करायचं काय?"

आमच्या महोत्सवात तीन प्रकारची तिकिटं असत. पुढे सोफे, मधे खुर्च्या आणि बाजूला खाली जाजम. आता मंदी म्हणजे काय हे मी वर्तमानपत्रात पुष्कळ वाचलं होतं, पण ती डोळ्यांनी पाहिली या तीन जागांत. पहिल्या वर्षी सोफ्यावरचे डॉक्टर खुर्चीवर आले. म्हणाले, "सोफ्यावर डुलकी लागते हो." पुढच्या वर्षी खुर्चीवरचे कचेरीतले लोक जाजमावर उतरले. त्यांचंही कारण तयार होतं. खुर्चीत मांडी घालता येत नाही आणि मांडी घातल्याशिवाय ताल धरता येत नाही. पैसे नाहीत असं एकानेही सांगितलं नाही. गिरगावात तसं सांगत नसत.

आणि आबांना हे सगळं खरं वाटलं! कपाळाला हात लावायची वेळ होती. माझ्याकडे आले ते फुलून. "मास्तरीणबाई, आपला श्रोता तयार झाला! मांडी घालून ऐकायला लागला!" लगेच त्यांनी सोफे कमी करून वाढीव जाजमं सांगून टाकली. मी म्हटलं, "आबा, जागे व्हा. गिरण्यांच्या पाळ्या बंद पडताहेत, डाळ महाग झालीय, माझ्या वर्गात निम्म्या मुलांची फी थकलीय. ही मंदी आहे." ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "मंदी कापडाच्या बाजारात, बाई. गाण्याला कसली मंदी?"

खोताच्या वाडीतले फ्रान्सिस सर व्हायोलिन शिकवत. ते आणि त्यांची बायको रोझी दरवर्षी दोन खुर्च्या घेत. त्या वर्षी त्यांनी एकच घेतली. "काय करू आबा," सर म्हणाले, "पोरं शिकायला येतच नाहीत. बापाला पगार नाही, तर पोराला व्हायोलिन कसलं?" महोत्सवात मध्यंतरापर्यंत सर बसले. मध्यंतरात फाटकाशी आले, खिशातला तिकिटाचा तुकडा रोझीबाईंच्या हातात दिला आणि घरी निघाले. उरलेलं गाणं रोझीबाईंनी ऐकायचं, अशी वाटणी. दारावरच्या कार्यकर्त्याने आबांना बोलावलं. मला वाटलं, आता नियम निघणार. आबांनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. "तिकिटावर माणसाचं नाव आहे का? नाही. खुर्चीचा नंबर आहे. खुर्ची रिकामी राहतेय का? नाही ना? मग येऊ द्या बाईंना." एवढं बोलून ते वळले. त्या दिवशी मला आबा फार आवडले. असे दिवस थोडे.

त्यानंतरच्या वर्षी मात्र जाजमाची तिकिटंही खपेनात. जाजमावरून खाली उतरायला जागाच नव्हती, तेव्हा ती माणसं यायचीच बंद झाली. त्यात लालबागचे सावंत होते. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे, मालवणकडचे. दरवर्षी जाजमावर अगदी पुढे बसायचे आणि गाण्यात चांगली जागा आली की तोंडाने वाहवा न करता नुसती मान खाली घालायचे. आबा म्हणत, "सावंतांची मान खाली गेली की समजावं, गवयाने काहीतरी केलं." त्यांचं तिकीट गेलं नाही म्हटल्यावर आबा अस्वस्थ झाले. मला घेऊन त्यांच्या चाळीत गेले. सावंतांनी चहा दिला, गप्पा मारल्या आणि शेवटी म्हणाले, "आबांनू, यंदा माका जमाचा नाय. गावाक जातलंय." गिरणीची पाळी बंद होऊन ते घरी बसले होते, हे आम्हाला जिना चढतानाच शेजाऱ्यांनी सांगितलं होतं.

दोन दिवसांनी आबा पुन्हा तिथे गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खिशातून पास काढला. तिकिटावर स्वतःच्या अक्षरात 'निमंत्रित' असं लिहिलं होतं. मी शेजारी उभी होते, मला धक्काच बसला. सावंतांनी ते अक्षर वाचलं. त्यांचा चेहरा पडला. "आबांनू, तुमी बड्या बड्या सायबांक पास दिलास नाय. आणि माका दितास? मी इतको खाली गेलंय काय?" सावंतांनी पास त्यांच्या हातात परत ठेवला, वर नमस्कारही केला. जिना उतरताना आबा एवढंच म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे."

माझं डोकं फिरलं होतं. एक देणार नाही, दिलं तर दुसरा घेणार नाही, आणि मधल्या मधे गाणं उपाशी! मी रस्त्यातच त्यांच्याशी भांडले. म्हटलं, "आबा, ती कापडवाल्या शेठजींची गोष्ट मान्य करून टाका." एका शेठजींनी सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. अट एवढीच, की प्रवेश सर्वांना मोफत ठेवायचा आणि गायकाच्या मागे त्यांच्या धोतरांचा फलक लावायचा. अख्खं मंडळ तयार होतं. मी तर होतेच होते. सावंत मोफत येऊन बसले असते, पास घेतल्याचा कमीपणा न वाटता. आबा ऐकेनात. "सगळ्यांना फुकट म्हणजे सगळ्यांनाच पास. आणि गवयाच्या डोक्यावर धोतर? छे!" शेवटी मंडळाची बैठक झाली आणि आबांनीच ठराव मांडला. एकदा, शेवटचं, तिकिटांवर करून बघू. मांडव भरला तर महोत्सव चालू राहील. नाही भरला तर बंद. शेठजींकडे जायचं नाही.

मांडव भरला नाही हे मी आत्ताच सांगून टाकते, उगीच आशा नको. पुढे संयुक्त महाराष्ट्र झाला, गिरगावात रोषणाई झाली, पेढे वाटले गेले, आबांनीही वाटले. महोत्सवाचं काय झालं असं त्या गर्दीत कोणीही विचारलं नाही. आबा आणखी बरीच वर्षं तसबिरींना चौकटी बसवत राहिले आणि एका दुपारी दुकानातच गेले. त्यांच्या हट्टाचा मला आजही राग येतो. महोत्सव वाचवता आला असता. एक फलक लावला असता तर काय बिघडणार होतं, हा प्रश्न मी मनातल्या मनात त्यांना अजून विचारते, आणि त्यांचं ते "छे!" मला अजून ऐकू येतं.

पण त्या शेवटच्या महोत्सवाची रविवारची सकाळ सांगितल्याशिवाय आबा पुरे होत नाहीत. गायला बसलेल्या बाई नावाजलेल्या होत्या. समोर सोफे रिकामे, खुर्च्या अर्ध्या रिकाम्या, आणि आबांनी हौसेने मागवलेली जाजमं कोरी करकरीत पसरलेली. बाईंनी तोडी सुरू केली. बघण्यासारखे श्रोते नव्हते म्हणून मी इकडेतिकडे बघत होते, आणि माझी नजर रस्त्याच्या बाजूच्या कनातीकडे गेली. मांडवाभोवती कापडाची भिंत उभी करतात, ती कनात. ती जमिनीपासून वीतभर वर होती आणि त्या फटीत पाय दिसत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायच पाय. वहाणा घातलेले, अनवाणी, गिरणीतल्या कॅनव्हासच्या बुटांतले. कनातीला लागून माणसं उभी होती आणि गाणं ऐकत होती.

मी धावत आबांकडे गेले. त्यांनी ते माझ्या आधी पाहिलं होतं. म्हटलं, "आबा, जाजमं ओस पडलीत. कनात गुंडाळू द्या वर. आत बोलावू सगळ्यांना." आबांनी माझा हात धरला, जरा जोरातच. "कनातीला हात लावायचा नाही. ती आहे म्हणून ते उभे आहेत. तोंडं दिसली तर निघून जातील." मग कार्यकर्त्यांना निरोप गेला, की कोणीही बाहेर फिरकायचं नाही.

बाईंनी भैरवी इतकी सुंदर गायली की मी रागवायचं विसरले. टाळ्या झाल्या, माणसं उठायला लागली, आणि तेवढ्यात आबा ध्वनिक्षेपकासमोर जाऊन उभे राहिले. "मंडळी, बसा. आभार मानायचे आहेत." आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. आमच्या महोत्सवात आभार कधी मानलेच जात नसत. भैरवीनंतर कोणी बोलू नये, हा आबांचाच दंडक. पण आबा बोलायला लागले. गायिकेचे आभार, तबलजीचे, पेटीवाल्याचे, पटांगण देणाऱ्या शाळेचे. मग बांबूवाल्याचे, सतरंज्या घालणाऱ्यांचे, पाण्याचे पिंप भरणाऱ्यांचे. लोक चुळबुळ करायला लागले. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेतले डॉक्टर घड्याळ बघून म्हणाले, "आबांना आज झालंय तरी काय?" मीही चिडले. इतक्या सुरेख भैरवीवर हे गुऱ्हाळ कशाला?

मग माझ्या लक्षात आलं, की आबा श्रोत्यांकडे बघतच नव्हते. त्यांची नजर कनातीच्या खालच्या कडेवर होती. तिथले पाय एकेक करून निघाले होते. बूट गेले, अनवाणी पाय गेले. आत बसलेले लोक बाहेर पडून समोरासमोर गाठ पडायच्या आत निघून जाण्याएवढी सवड त्या माणसांना मिळत होती. शेवटी एकच जोडी उरली. टाचेला नाल ठोकलेल्या कोल्हापुरी वहाणा. जाजमाच्या कडेला दरवर्षी नीट जुळवून ठेवलेल्या त्या वहाणा मी ओळखल्या. त्या सावंतांच्या होत्या आणि हलत नव्हत्या. आबांची नावं संपली होती. त्यांनी एकदा मानलेले आभार पहिल्यापासून पुन्हा मानायला सुरुवात केली. बांबूवाल्यापर्यंत आले असतील नसतील, त्या वहाणा वळल्या, सावकाश चालायला लागल्या आणि कनातीच्या टोकाशी दिसेनाशा झाल्या.

आबा वाक्य अर्ध्यावर टाकून खाली उतरले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सोडा आता लोकांना."