ओल्या पायाचा ठसा

सासू वळून म्हणाली, “बस इथंच. दिवस मावळायच्या आत देवीच्या पायरीला लागलीस तर आमची. नाहीतर उद्या जव्हारला बापाकडं जा.” ती, माझा नवरा, दीर आणि जाऊ ओढा ओलांडून चढणीला लागली. नवऱ्यानं मागं पाहिलं नाही. कातळावरचे त्यांचे ओले ठसे माझ्या डोळ्यांदेखत वाळून गेले. ओढ्यात बुडवलेले पाय कातळावर टेकून मी उठायला गेले आणि खाली बसले. घोटे आत कलत होते, तळवे सोलल्यासारखे दुखत होते.

तेव्हा जव्हारला महाराजांचं राज्य होतं. माझा बाप तिथं शिपाई, म्हणून मी चार बुकं शिकले आणि खोडाळ्याकडं एका शेतकऱ्याच्या घरी दिली गेले. गृहप्रवेशाला कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून सारवलेल्या जमिनीवर ठेवला. इतर बायकांच्या पावलात आतल्या बाजूला खाच राहते. माझं पाऊल सगळंच्या सगळं उमटलं. सासू सगळ्यांदेखत म्हणाली, “पाऊल आहे का नागलीची भाकरी थापलीय? असल्या पायानं घर बसतं.” त्या दिवसापासून मी लुगडं घोट्याखाली ओढून चालायची. आमच्या घरच्या नव्या सुनेनं पहिल्या चैत्रात डोंगरावरच्या देवीला चालत जाऊन ओटी भरायची असते. मी वर्षभर देवीला एकच मागितलं होतं, पाय सरळ कर. तिनं केला नव्हता. ओढ्याकाठी मी तिला शिव्या दिल्या. खोटं कशाला लिहू?

तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी खालून आली. माझ्या ओल्या ठशापाशी थांबली.

“हा तुझा गे? बदकाची पोर का तू?”

मी पाय लुगड्यात ओढले. तिनं मोळी टाकली. “उभी रहा. आता टाचा उचल.” झाडाला धरून मी चवड्यांवर उभी राहिले. तिनं वाकून पाहिलं. “बघ, कमान आली. पाय मेला नाय तुझा, आळशी झालाय. दे इकडं.”

ती खाली बसली आणि माझा पाय मांडीवर घ्यायला हात पुढं केला. मी मागं सरले. थोरांच्या पायाला आपण हात लावायचा, त्यांनी आपल्या नाही, हेच शिकले होते. आणि लाजही होती.

“पापाचं तुझी देवी बघंल,” ती म्हणाली. “माझा दिवस चाललाय.”

मी पाय दिला. त्या वर्षात कुणी मायेनं हात लावला असेल तर तो तिथं. तिनं आपल्या पदराची पट्टी फाडली, घट्ट घडी करून तळव्याच्या आतल्या बाजूला, कमान हवी तिथं ठेवली आणि मोळीचा वाखाचा दोर सोडून वरून बांधली. दुसऱ्या पायालाही तसंच. “रोज बोटांनी खडे उचल. टाचा वर, टाचा खाली. देवीला रड, पण हेही कर.” मोळीला वेल गुंडाळून ती गेली. नाव विचारायचं मला सुचलं नाही.

मी चढले. दुखलं, पण घोटे कलले नाहीत. पायरीला लागले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. सासूनं खाली पाहिलं. “हे काय बांधलंस?”

“पाय,” मी म्हटलं.

ती बाजूला सरकली. मी ओटी भरली. परतताना वाटेवरच्या पाड्यांत विचारलं, तशी म्हातारी कुणाला माहीत नव्हती. ती देवी होती असं मी म्हणत नाही. तिच्या अंगाला धुराचा वास होता. इतकंच सांगते, की मी मागितलं होतं एक, मिळालं दुसरं, आणि लपवलेला पाय परक्या हातात दिला तेव्हाच ते मिळालं. पुढं जव्हारच्या चांभाराकडून वहाणेत तशीच उशी शिवून घेतली. खडे रोज उचलले. ठसा फारसा बदलला नाही, दुखणं गेलं. तिच्या पदराची ती पट्टी देव्हाऱ्यात आहे.

त्या दिवशी आम्ही पाच जण डोंगर चढलो होतो. सासू, दीर, जाऊ आणि माझा नवरा एकेक करून देवाघरी गेले. मी आहे.