दगडातला गॅस आणि ताईची चूल

उंद्रीहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा पिशवीत वीस भाकरी होत्या. जळगाव जामोदजवळच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने, शांताताईने, आठ दिवस चूल पेटवली नव्हती. गावाच्या शिवारात तेल-गॅसच्या शोधवाल्यांनी खोल भोक पाडलं आणि खालच्या खडकात गॅस असल्याचं सांगितलं. घराखाली गॅस असताना काडी कशी ओढायची? "उद्या कुलूप लावून तुह्याकडंच येतो," असा तिचा निरोप होता. भाऊजी घर सोडायला तयार नव्हते.

खामगावला गाडी बदलली. शेजारी बांगड्या विकणाऱ्या एक चाची बसल्या. त्या म्हणाल्या, "दगडात गॅस? माह्या सिलेंडरात महिनाभर टिकत नाही, बाई!" मी हसले. पण खरंच, दगडात तो राहतो कुठे? नांदुऱ्यानंतर पूर्णा ओलांडली. काळी सपाट जमीन आणि लांबवर निळा सातपुडा. खाली काही दडलंय असं कुठेच वाटेना.

"या! तुमच्या बहिणीनं मले चिवड्यावर ठेवलं," भाऊजी दारातच म्हणाले.

ताई म्हणाली, "भाकर फुगते ना, तशी जमीन फुगून असन. भोक पाडलं तं वाफ लागनच."

मलाही ते पटलं.

दुपारी शोधवाल्यांच्या तंबूत गेलो. परक्या माणसाशी मी बोलत नाही, पण मागून ताई ढकलत होती. तिथल्या साहेबांनी कोर (जमिनीतून कोरून काढलेला, दांडक्यासारखा गोल दगड) दाखवला. काळा, पापुद्र्यांचा.

"हा शेल. कोण्या काळी पाण्याच्या तळाशी बसलेला चिखल. त्यातल्या कुजक्या पाल्यापासून गॅस झाला."

त्यांनी ताजा तुकडा पाण्यात टाकला. बारीक बुडबुडे निघाले.

"पाहा, निंगून राह्यला!" ताई तंबूबाहेरच गेली.

"वर आणला, भार उतरला, म्हणून निघतो," साहेब म्हणाले.

"पण भाकरीसारखी पोकळी कुठं आहे?" मला दोनदा विचारावं लागलं, इतका आवाज बारीक.

"एक मोठी पोकळी नाहीच. डोळ्याला न दिसणारी भोकं आहेत, पण एकातून दुसऱ्यात जायला वाट जवळजवळ नाही. थोडा गॅस भोकांत, थोडा दगडाला चिकटलेला. खडक फोडल्याशिवाय सुटत नाही."

मला घरचं मडकं आठवलं. पूर्वी त्यात रॉकेल ठेवायचो. उपडं केलं तर थेंब नाही, पण कितीही धुवा, वास जात नाही. भीत भीत तसं बोलले.

"अगदी तसंच!"

"पण वास तर बाहेर येतो, साहेब."

ते म्हणाले, "त्या मडक्यावर अख्खा डोंगर ठेवलाय, असं समजा."

घरी ताई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "तुले समजलं ना? मंग लाव काडी."

मला अर्धंच समजलं होतं. पण नाही म्हटलं असतं, तर उद्या घराला कुलूप लागलं असतं. पहिली काडी विझली. दुसरीने चूल पेटली. ताई किती तरी वेळ जाळाकडे पाहत राहिली. मग आत आली आणि पीठ मळायला बसली. पहिली भाकर टम्म फुगली. भाऊजींनी तिला बोट टोचलं, वाफ फुस्स झाली. "निंगला गॅस!" ताई आठ दिवसांनी हसली.

परतताना पिशवी रिकामी होती, डोकं मात्र भरलेलं. पुरतं न समजताच मी काडी ओढली, हे ताईला अजून सांगितलेलं नाही. उंद्रीला पोहोचल्यावर आधी ते मडकं काढलं आणि नाक लावलं. थेंब नव्हता, पण वास होता.