घमेलंभर खडे

माझं स्वच्छतेचं वेड आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत प्रसिद्ध आहे. जिन्यात चप्पल वाकडी दिसली तरी माझ्या कपाळाला आठी पडते. वॉचमन मला बघितलं की आधी झाडू शोधतो. ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते, तिथेही तीच तऱ्हा. या स्वभावाचं मला कौतुकच होतं, त्या रविवारपर्यंत.

बेने इस्राईल, म्हणजे कितीतरी पिढ्या आपल्या कोकणपट्टीत राहिलेले ज्यू, हा सहलीचा विषय माझाच. मुलांना ज्यू म्हटलं की हिटलर आठवतो, पनवेल आठवत नाही, याचा मला राग यायचा. बारावीची वीसेक मुलं बसमध्ये कोंबून मी पनवेलला नेली. आधी त्यांचं प्रार्थनाघर, मग दफनभूमी. सगळं दाखवायला समाजातल्याच एक आजी आल्या होत्या. गुडघ्यांनी बेजार, पण जिभेने तरण्याताठ्या.

"आजी, तुमी किती छान मराठी बोलता!" एक मुलगी म्हणाली.

"मंग काय चिनी बोलू? आमच्या आज्याचा तेलाचा घाना होता, बाय. शनवारी बंद. म्हनून लोक आमाला शनवार तेली म्हनत."

मुलं हसली. डोक्याला रुमाल बांधून पोरं प्रार्थनाघरात शहाण्यासारखी बसली. एकाने फोनसुद्धा काढला नाही. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटत होते.

दफनभूमीच्या फाटकाशी आजी पारावर टेकल्या. "तुमी व्हा पुढं. त्या चाफ्याखाली माझी लेक हाय. तुमच्या पोरींएवढीच होती, तापानं गेली. गुडघ्यांना जरा दम देते, मंग येते तिला भेटायला."

आत वाळलेलं गवत, वेफर्सची पाकिटं, प्लास्टिकचे ग्लास. माझा हात शिवशिवला. म्हटलं, आजी येईपर्यंत दहा मिनिटं श्रमदान करू. राखणदाराच्या खोलीबाहेर खराटा आणि घमेलं होतं. "चाफ्याखालची कबर आधी," मी हुकूम सोडला. आजींना बरं वाटेल, हाच विचार होता. खोटं कशाला सांगू, त्या माझं कसं कौतुक करतील तेही मी मनातल्या मनात ऐकून ठेवलं होतं.

कबरीवर पाला होता आणि पाल्याखाली खडे. खूप खडे. वाटाण्याएवढे, सुपारीएवढे, काही विटेचे तुकडे. मला वाटलं, शेजारी टॉवरचं काम चाललंय, तिथलंच उडून आलं असणार. एका मुलाने विचारलंही, "मॅडम, हे पण काढायचं?" मी म्हटलं, "मग काय पूजा करणारेस त्याची?" त्याने घमेलं भरलं आणि भिंतीपलीकडे ओतलं. पलीकडे बांधकामाच्या खडीचा डोंगर होता. मुलींनी बाटलीतल्या पाण्याने फरशी धुतली, ओढणीने पुसली. अक्षरं लख्ख दिसायला लागली.

आजी एका विद्यार्थिनीच्या खांद्याला धरून आल्या. थांबल्या. कबरीकडे बघितलं, मग आजूबाजूला जमिनीवर बघितलं.

"हितले खडे कुठं गेले?"

मीच सांगितलं. आजी हळूच खाली बसल्या. रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोलले असते.

"आमच्यात भेटायला आलं की एक खडा ठेवतात," त्या मुलांना सांगायला लागल्या, सकाळपासून सांगत होत्या त्याच आवाजात. "कोन येऊन गेलं ते ऱ्हावं म्हनून. तिचा बाप होता तंवर तो ठेवायचा. मंग मीच."

इतकी पुस्तकं वाचून मी या सहलीची टिपणं काढली होती. त्यांच्या पूर्वजांचं जहाज कोकण किनाऱ्याशी फुटल्याची कथा, तेलाचे घाणे, सगळं पाठ होतं. ही एवढीशी गोष्ट त्या आजींना विचारायचं मला सुचलं नाही.

घमेलं ओतणारा तो मुलगा भिंतीवर चढला. पलीकडे बघून तसाच उतरला. खडीत खडे, काय शोधणार? मग मुलं धावली आणि जो तो एकेक खडा घेऊन आला. कबरीशी वीस हात एकदम पुढे आले.

"ठेवा हो, ठेवा," आजी म्हणाल्या. "तिला आवडंल. पन ते तुमचं येनं झालं. माझं न्हवं."

मी म्हटलं, "आजी, तुम्ही दर रविवारी या. मी गाडी करून आणीन तुम्हाला." माझा आवाज मलाच परका वाटला.

त्यांनी मान हलवली. "उद्या मी चालले, बाई. इस्रायलला, ल्योकाकडं. इथं आता एकटीला कोन ऱ्हाऊ देतंय? तिकीट आलंय. आज निरोप घ्यायला आले होते. म्हटलं होतं, पोरीच्या उशाशी एवढे खडे हायेत, मी गेले तरी चालंल."

मुली रडायला लागल्या. मला रडू आलं नाही, नुसती लाज वाटली. मी माफी मागितली. दोनदा मागितली.

आजींनी कमरेच्या पिशवीतून त्या दिवशीचा खडा काढला. घरूनच धुऊन आणला होता. मुलांच्या खड्यांपासून थोडा बाजूला ठेवला आणि ओल्या फरशीवरून, कोरलेल्या नावावरून हात फिरवला.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "नाव मात्र छान दिसतंय हो. कितीक वर्सांनी वाचता आलं."

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. टोमणा मारला असता तर मी सहन केला असता.