खळकाकांचा अंगठा

आमच्या वाचनालयात पुस्तकं बांधतात खळकाका. खळ लावून लावून बोटं पिवळी पडली, त्यावरून हे नाव. वयाने माझ्या दुप्पट, तरी दोस्त. मी साहित्याचा पदवीधर. म्हणजे बेकार. म्हणून वाचनालयात पुस्तकांचे फोटो काढायला.

पुस्तकं वाचकांना मोबाइलवर द्यायचं ठरलं. अध्यक्ष म्हणाले, "पुस्तकांच्या पाठी कापा. सुटी पानं मशीनमधून भराभर जातील. मग रद्दीत."

शिवण सगळी काकांच्या हातची. पुस्तकं सुटली की काकांचं कामही सुटलं.

"कापायचं कशाला?" काका म्हणाले. "मी पानं दाबून धरतो, हा फोटो काढेल."

"आणि नीट नाही आलं तर?"

"तर कापा. मी काय पळून जातोय?"

अशा रीतीने पानोपानी काकांचा अंगठा आला. कवितेत अंगठा, चरित्रात अंगठा. इतक्या घरांत एवढ्या झटपट आमचा कुठलाच लेखक पोचला नव्हता.

अध्यक्ष तणतणत आले. "अहो अंगठाबहाद्दर, रहस्यकथेत खुन्याच्या नावावर अंगठा? लोक इथे येऊन विचारतायत, खून केला कोणी."

"येतायत ना? एरवी पंख्याखाली झोपायलासुद्धा कोणी येत नव्हतं."

"ते काही नाही. उद्या कटरवाला येतोय."

ते गेल्यावर मी विचारलं, "काका, मुद्दाम?"

"छे. मी वाचतो कुठे?"

मी बाकीच्या रहस्यकथा उघडून पाहिल्या. प्रत्येकीत अंगठा नेमका खुन्यावर. मी काकांकडे बघतच राहिलो. त्यांनी नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी कटरवाला आला. अध्यक्षांनी पहिलंच पुस्तक उचललं, ती रहस्यकथा. द्यायला हात पुढे केला, मग मागे घेतला. "जरा बघू." शेवटचं पान उघडलं.

"जावई? असं कसं?"

ते खुर्चीत बसले. मागची पानं चाळू लागले. मग पहिल्यापासून वाचायलाच लागले. कटरवाला चहा पिऊन आला, पुन्हा गेला, तो गेलाच.

"याचा पुढचा भाग आहे का हो?"

"आहे. पण कापायच्या गठ्ठ्यात आहे," काका म्हणाले.

"काढा तो."

दोन्ही भाग काखेत मारून अध्यक्ष दारापर्यंत गेले आणि वळले.

"धरा बाबा तुम्ही पानं. पण कवितेत जरा आवरा. तिथे आधीच लोकांना काही कळत नाही."

काकांनी मान डोलावली आणि पान दाबलं.