कौतिकाआत्याचे गुडघे

आत्या गेली हे तिच्या मुलाने, दशरथने, शाळेच्या फाटकाशी सायकल टेकवून सांगितलं. ताप आला आणि चार दिवसांत सारं संपलं. "खाटेवरून खाली उतरलीच नाही," तो म्हणाला. खरं तर ती चार वर्षं धड उतरली नव्हती... आज महिना झाला, तरी मला तेच आठवत राहतं.

कौतिका माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कोहमाऱ्याजवळच्या खेड्यात दिलेली. निम्मं आयुष्य तिने धानाच्या बांधीत, पोटरीभर चिखलात वाकून, रोवणी करण्यात घालवलं. चाळिशी सरता सरता गुडघे धरले. वैद्य म्हणाले, झीज आहे, बसून राहा. ती बसली. दोन वर्षांत मांड्या वाळल्या आणि अंगणात जायलाही सुनेचा खांदा लागू लागला.

मी तेव्हा फौजेतून परतून गोंदियाच्या शाळेत कवायत शिकवत होतो. फौजेत माझा गुडघा दुखावला, तेव्हा तिथल्या दवाखान्यात पायाला रेतीची थैली बांधून पाय उचलायला लावत. मांडीत ताकद आली की गुडघ्याला आधार मिळतो, एवढं मला स्वतःच्या पायावरून कळलं होतं. तेच आत्याला सांगितलं.

"दुखून राहिलं त्यालेच वजन बांधतोस? काऊन रे, मारतोस का मले?"

पण तिने केलं. खाटेवर बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, हळूच खाली. आधी नुसता पाय, मग थैलीत मूठभर रेती, मग दोन मुठी. शेजारणी हसायच्या, म्हातारी कुस्तीला उतरणार म्हणायच्या. मी दर पंधरा दिवसांनी जाऊन मूठभर रेती वाढवायचो. आठ-नऊ महिन्यांनी ती एकटी तलावाच्या पाळीवर चढली. पाण्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली, मग हसत म्हणाली, "मले वाटे, हे पाणी आता पुन्हा दिसतच नाही." मी इतका फुशारलो की शाळेत चार जणांना सांगत सुटलो.

पुढच्या आषाढात रोवणीला माणसं कमी पडली. सून बाळंतीण. दशरथ सहज म्हणाला, "आई, आता त तू चालून राहिली." ती बांधीत उतरली. मला श्रावणात कळलं, तोवर गुडघे सुजून मडक्याएवढे झाले होते. मी दशरथवर तुटून पडलो. आत्यानेच मला थांबवलं.

"त्याले कायले बोलतोस? पाय बरे झाले त बांधीतच जातीन ना. आणखी कुठं जातीन?"

सूज उतरल्यावर मी थैली पुन्हा पुढे केली. तिने ती हाताने बाजूला सारली. "राहू दे. बरं करशीन, त पुन्हा जावंच लागन."

मी मांडीचा विचार केला होता, तो पाय जाणार कुठे याचा नाही. नंतर मी जायचो, खाटेशेजारी बसायचो. गुडघ्यांचा विषय आम्ही दोघेही काढत नसू.

तेराव्याला गेलो तेव्हा खाट काढलेली होती. मागच्या मातीच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर एक खळगा पडला होता, तळहाताएवढा, तेलकट, गुळगुळीत. उठताना आत्या तिथेच हात रेटायची. जेमतेम तिशीची सून जमीन सारवत होती. सारवून झालं तशी तिने एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसरा नकळत त्या खळग्यात टेकवला आणि कण्हत उभी राहिली.